सुई, फुंकर आणि गुडघा

आमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंचा गुडघा चार वर्षं दुखत होता. दिवसातले पाच-सहा तास उभं राहायचं, त्यात नववीचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर. एक्स-रे काढून झाला, झीज आहे म्हणून सांगण्यात आलं, गोळ्या घेतल्या की पित्त व्हायचं. मग गावात चिनी सुयांचं, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरचं, शिबिर आलं. बाईंनी दहा दिवस सुया टोचून घेतल्या आणि दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा त्या कठड्याला न धरता जिना चढल्या. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

बाईंचं पाहून शाळेतले शिपाई मामाही तिथे गेले. त्यांची पाठ दुखत होती. पहिल्या आठवड्यात त्यांनाही बरं वाटलं. पुन्हा दुखायला लागलं, पुन्हा सुया. असे दोन महिने गेले. संध्याकाळी अंगात कणकण असायची, पँट कमरेला सैल होऊ लागली होती. पण पाठीचा आणि याचा संबंध कोणी लावला नाही. आम्हीही नाही. एके दिवशी पायातली ताकद गेल्यासारखी वाटली, तेव्हा त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. मणक्याचा क्षय निघाला. वर्षभराहून जास्त औषध घेऊन मामा बरे झाले, पण ते दोन महिने आमच्या स्टाफरूममध्ये अजून निघतात.

विज्ञानाचे सर म्हणाले, “सुयांनी काही होत नाही. सगळा मनाचा खेळ.” बाई म्हणाल्या, “गुडघा माझा, मनही माझंच. दुखायचं थांबलं की नाही, ते सांगा.” सरांकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्याकडेही नव्हतं. म्हणून आम्ही वाचायला बसलो. जे हाती लागलं ते इथे मांडतो आहोत. यातलं बरंचसं आठवी-नववीच्या वर्गातही मांडता येईल.

प्राचीन म्हणजे किती प्राचीन?

‘पाच हजार वर्षांची विद्या’ असं शिबिराच्या पत्रकावर होतं. चीनमध्ये हुनान प्रांतात मावांगद्वी नावाच्या जागी १९७३ साली एक थडगं उघडण्यात आलं. ते इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेलं होतं. त्यात रेशमावर लिहिलेल्या वैद्यकाच्या पोथ्या सापडल्या. शरीरात वाहणाऱ्या अकरा वाहिन्यांचं वर्णन त्यांत आहे, त्यांवर औषधी वनस्पती जाळून शेक कसा द्यायचा तेही आहे. पण त्या वर्णनात सुया नाहीत. वाहिन्या आणि सुया यांचं एकत्रित शास्त्र दिसतं ते पिवळ्या सम्राटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या ग्रंथात, आणि तोही साधारण त्याच सुमाराला, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या एक-दोन शतकांत संकलित झाला असं मानतात. म्हणजे दोन हजार वर्षं. तीही कमी नव्हेत; पाच हजारांची गरज काय होती कोण जाणे.

या शास्त्राची कल्पना थोडक्यात अशी. शरीरात ‘छी’ नावाची शक्ती ठरावीक वाहिन्यांतून फिरत असते. तिचा प्रवाह अडला की दुखणं येतं. वाहिन्यांवरच्या ठरलेल्या बिंदूंवर सुई टोचली किंवा शेक दिला की अडथळा निघतो. पुढे बारा मुख्य वाहिन्या आणि साडेतीनशेच्या वर बिंदू ठरले. आपल्याकडच्या योगग्रंथांतल्या नाड्या ज्यांना माहीत आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. आणि नाड्यांसारख्याच याही वाहिन्या शवविच्छेदनात सापडत नाहीत. रक्तवाहिनी कापून दाखवता येते, मज्जातंतू दाखवता येतो, छीची वाहिनी दाखवता येत नाही.

शिवाय ही विद्या एकसारखी चालत आली असंही नाही. १८२२ मध्ये चीनच्या सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून सुयांचा विभाग बंद केला. १९२९ मध्ये तिथल्या सरकारपुढे जुनं वैद्यक पूर्ण बंद करण्याचा प्रस्ताव आला. वैद्यांनी जोरदार विरोध केला म्हणून तो बारगळला. जुन्या काळच्या सुयांमध्ये काही चाकूसारख्या होत्या, रक्तही काढलं जाई. आज आपण पाहतो ती केसासारखी बारीक पोलादी सुई, आणि रक्तवाहिन्या टाळून मज्जातंतूंच्या आसपास बसवलेले बिंदू, यात १९३० च्या दशकातल्या चेंग दानआन या वैद्याचा मोठा हात आहे. मग १९४९ नंतर माओंच्या सरकारपुढे प्रचंड लोकसंख्या होती आणि आधुनिक डॉक्टर मूठभर होते. जुन्या वैद्यांना हाताशी धरण्यावाचून इलाज नव्हता. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि छंगदू इथे पारंपरिक वैद्यकाची महाविद्यालयं निघाली. वेगवेगळ्या घराण्यांच्या, एकमेकांशी न जुळणाऱ्या पद्धती एका अभ्यासक्रमात बसवल्या गेल्या. आज जगभर ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ म्हणून जे शिकवतात ते बरंचसं या महाविद्यालयांतून घडलेलं आहे.

सोलापूरचे डॉक्टर आणि न्यूयॉर्कचा पत्रकार

चिनी सुयांचा विषय निघाला की कोणीतरी डॉ. कोटणीसांचं नाव घेतंच. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. नागपूरचे डॉ. चोळकरही त्याच पथकात होते. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये कोटणीसांवर काढलेला चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पण कोटणीस शल्यचिकित्सक होते, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. तिथे त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, सुया टोचल्या नाहीत. सुयांशी संबंध आहे तो त्यांच्याच पथकातल्या कलकत्त्याच्या डॉ. बिजयकुमार बसूंचा. ते पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि परत येऊन कलकत्त्यात वापरू लागले. भारतात ती अशी आली.

अमेरिकेत ती गाजली एका अपेंडिक्समुळे. जेम्स रेस्टन हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा नामांकित पत्रकार जुलै १९७१ मध्ये चीनमध्ये असताना आजारी पडला. बीजिंगच्या रुग्णालयात त्याचं अपेंडिक्स काढण्यात आलं. २६ जुलैच्या अंकात त्याने हा अनुभव लिहिला आणि अमेरिकेत एकच खळबळ उडाली. ‘चीनमध्ये सुया टोचून, भूल न देता ऑपरेशन करतात’ असं लोक म्हणू लागले. मूळ लेखात तसं नाही. रेस्टनला शस्त्रक्रियेच्या वेळी नेहमीच्या भुलीची इंजेक्शनं दिलेली होती. सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगून अस्वस्थ वाटत होतं तेव्हा, कोपराला आणि गुडघ्यांखाली. सोबत पोटाजवळ वनस्पतीचा धूर-शेक दिला. तासाभरात बरं वाटलं. शस्त्रक्रियेनंतर कोंडलेला वायू काही तासांनी आपोआपही सुटतो, हे ज्यांनी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली आहे ते सांगतील.

सुयांच्या भुलेवर शस्त्रक्रिया १९५८ पासून चीनमध्ये होत होत्या हे खरं आहे. परदेशी पाहुण्यांना त्या दाखवल्याही जात. मात्र रुग्ण निवडून घेतलेले असत आणि बहुधा सोबत वेदनाशामक किंवा भूल देणारी औषधंही असत, हे हळूहळू बाहेर आलं.

फासे आणि फुंकर

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. सुया टोचल्या, दुखणं थांबलं. मग सुयांमुळे थांबलं असं का म्हणू नये?

यासाठी आम्ही नववीत एक खेळ केला. तुम्हीही करून पाहा, तासातली पंधरा मिनिटं पुरतात. पन्नास मुलांनी प्रत्येकी एकदा फासा टाकायचा आणि आलेला आकडा लिहायचा. ज्यांना १ किंवा २ आला ते ‘आजारी’. आमच्या वर्गात असे अठरा निघाले. त्यांची सरासरी फळ्यावर लिहिली: दीडच्या आसपास. मग वर्गातल्या एका मुलीने गंभीर चेहऱ्याने प्रत्येकाच्या फाशावर फुंकर घातली आणि त्यांनी पुन्हा फासा टाकला. नवी सरासरी साडेतीनच्या जवळ आली. अठरांपैकी चौदा जण ‘सुधारले’, तिघं होते तिथेच राहिले, एकाची तब्येत बिघडली. वर्गात टाळ्या पडल्या.

फुंकरेने काय केलं? काहीच नाही. फाशाची सरासरी साडेतीनच असते. आपण फक्त खालच्या आकड्यांची मुलं निवडली होती, त्यामुळे दुसऱ्यांदा ती वर जाणारच. ज्याला विश्वास वाटत नाही त्याने फुंकर न घालता करून पाहावं. किंवा ५ आणि ६ आलेल्यांवर फुंकर घालावी, म्हणजे फुंकर किती ‘घातक’ आहे तेही कळेल.

गुडघा म्हणजे फासा नव्हे, हे कबूल. पण दुखणं रोज सारखं नसतं. काही आठवडे जास्त, काही आठवडे कमी. माणूस उपचाराला कधी जातो? फार दुखायला लागतं तेव्हा. म्हणजे आपला फासा १ वर असताना. त्यानंतर काहीही केलं, सुया टोचल्या, लेप लावला, देवाला नवस बोलला, तरी बहुतेकांना पुढच्या महिन्यात बरं वाटण्याची शक्यता मोठी. शाळेतही हेच घडतं. घटक चाचणीत अगदी कमी गुण पडलेल्यांना आपण रागावतो, पुढच्या चाचणीत त्यांतली बरीच सुधारतात, आणि रागावण्याचा उपयोग होतो अशी आपली खात्री पटते. बाईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. शिबिराचे दहा दिवस दिवाळीच्या सुटीत होते. त्या दिवसांत जिना चढायचा नव्हता.

तेव्हा एका माणसाच्या अनुभवावरून निर्णय होत नाही. बरीच माणसं घ्यायची, चिठ्ठ्या टाकून त्यांचे गट करायचे, एका गटाला उपचार द्यायचा, दुसऱ्याला नाही, आणि मग तुलना करायची. पण इथे एक अडचण येते. गोळीची परीक्षा घ्यायची तर तशीच दिसणारी साखरेची गोळी देता येते. सुई टोचली की नाही हे कोणाला कळत नाही असं कसं होईल?

खोटी सुई

यावर संशोधकांनी काढलेली युक्ती मुलांना फार आवडते. १९९८ मध्ये जर्मनीत एक सुई तयार करण्यात आली, ती नाटकातल्या खंजिरासारखी. टोक बोथट. त्वचेला टेकवून दाबली की पातं मुठीत सरकतं तशी सुई वरच्या दांडीत शिरते. रुग्णाला टोचल्याचा भास होतो, दिसतंही तसंच, प्रत्यक्षात ती आत जात नाही. दुसरी युक्ती अशी की सुई खरी टोचायची, पण अगदी वरवर, आणि ठरलेल्या बिंदूंवर नाही तर त्यांपासून दूर. शास्त्राप्रमाणे अशा सुईने छीचा प्रवाह मोकळा होता कामा नये.

या दुसऱ्या पद्धतीची एक मोठी चाचणी जर्मनीत झाली आणि तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. कंबरदुखीचे ११६२ रुग्ण, सरासरी आठ वर्षांपासून त्रास असलेले. चिठ्ठ्या टाकून तीन गट. पहिल्याला खऱ्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर सुया, तिसऱ्याला नेहमीचे उपचार, म्हणजे औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी शंभरातल्या किती जणांना ठरवलेल्या मापाने बरं वाटलं? खऱ्या सुया ४७.६. खोट्या जागच्या सुया ४४.२. नेहमीचे उपचार २७.४.

हे तीन आकडे फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, सुया उपयोगी आहेत की नाहीत? आम्ही विचारलं तेव्हा वर्गाचे सरळ दोन तट पडले आणि दोघांचंही बरोबर होतं. ४७ आणि ४४ मध्ये म्हणण्यासारखा फरक नाही. म्हणजे बिंदू कुठला याला फारसं महत्त्व दिसत नाही. पण ४४ आणि २७ मध्ये फरक आहे, आणि तो चांगला मोठा आहे. मागच्या बाकावरच्या एका मुलाने अजून एक गोष्ट काढली, जी आमच्या लक्षात आली नव्हती: तिसऱ्या गटाला तर माहीत होतं की आपल्याला नवीन काही मिळालेलं नाही. आठ वर्षं जे केलं तेच पुन्हा. ते हिरमुसले असतील. अगदी खरं आहे. पहिल्या दोन गटांना आपण कोणत्या गटात हे माहीत नव्हतं, तिसऱ्याला ते लपवणं शक्यच नव्हतं.

अशा ३९ चाचण्यांतल्या सुमारे २१ हजार रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये हिशोब मांडला गेला. कंबर, मान, गुडघा, डोकं यांच्या जुनाट दुखण्यांत खऱ्या सुयांना खोट्या सुयांपेक्षा थोडा जास्त गुण दिसला. सुयाच न घेतलेल्यांपेक्षा बराच जास्त. ‘थोडा’ म्हणजे उपयोगाचा की नगण्य, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी सुयांची शिफारस केली, २०१६ मध्ये मागे घेतली आणि २०२१ मध्ये कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनांसाठी पुन्हा सुचवली. विज्ञान म्हणजे एकदा लागलेला निकाल अशी ज्या मुलांची समजूत असते त्यांना हे उदाहरण जरूर सांगावं.

दुखणं नेमकं कुठे असतं?

खोट्या सुईनेही गुण येतो म्हणजे तो गुण खोटा, असं सर म्हणाले होते. इथे मात्र सर चुकले.

पायाचं बोट उंबऱ्याला ठेचकाळलं की काय होतं ते आठवून पाहा. आधी कळतं की काहीतरी लागलं. मग क्षणभराने कळ येते, खोल, ठसठसणारी. असं का? स्पर्शाचा संदेश जाड मज्जातंतूंतून सेकंदाला साधारण ५० मीटर वेगाने धावतो. ठसठस सांगणारे तंतू बारीक, त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. पायाच्या बोटापासून मज्जारज्जूपर्यंतचं अंतर एक मीटर धरलं तर स्पर्श पोचायला एक पन्नासांश सेकंद आणि ठसठस पोचायला एक सेकंद. वेग, वेळ, अंतराचं हे गणित मुलं आनंदाने सोडवतात.

ठेच लागली की आपण काय करतो? बोट चोळतो. लहान मूल पडलं की आई चोळते आणि फुंकर घालते. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी याचं कारण सुचवलं. मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. चोळण्याचा संदेश जाड तंतूंतून आला की ते फाटक काही प्रमाणात मिटतं आणि वेदनेचा संदेश पूर्ण जोराने वर जात नाही. मेंदूकडूनही हे फाटक मिटवण्याचे हुकूम खाली येऊ शकतात. लढाईत जखमी झालेल्या सैनिकाला किंवा कबड्डीच्या चढाईत गुडघा फुटलेल्या खेळाडूला सामना संपेपर्यंत कळतच नाही, ते यामुळे. या कल्पनेच्या तपशिलात पुढे बदल झाले, पण गाभा टिकला. वेदना म्हणजे जखमेकडून मेंदूकडे जाणारी तार नव्हे. वाटेत तिची कमी-जास्त होते.

पुढचा शोध १९७५ चा. स्कॉटलंडमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना डुकराच्या मेंदूत अफूसारखं काम करणारी द्रव्यं सापडली. आपल्या शरीरातही ती तयार होतात. लगेच प्रश्न आला, सुया टोचल्यावर हीच द्रव्यं सुटतात का? बीजिंगमध्ये हान जिशेंग यांनी सुया दिलेल्या सशांच्या मेंदूभोवतीचं द्रव काढून दुसऱ्या सशांना दिलं, तर त्यांचीही वेदना सहन करण्याची क्षमता वाढली. अफूचा परिणाम पुसून टाकणारं ‘नॅलोक्सोन’ नावाचं औषध आहे. १९७७ मध्ये दिसलं की सुयांनी कमी केलेली दाताची वेदना नॅलोक्सोन दिल्यावर परत येते. सुयांच्या समर्थकांना अर्थातच आनंद झाला. पण पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला. ‘हे वेदनाशामक असू शकेल’ एवढं सांगून त्यांना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. काहींना त्याने आराम पडला, आणि नॅलोक्सोन दिल्यावर तो आरामही कमी झाला.

म्हणजे विश्वासाने, दिलाशाने कमी होणाऱ्या वेदनेमागेही रसायनच आहे. मनाचा खेळ खरा, पण तो मेंदूत, मज्जारज्जूत, मोजता येईल असा खेळला जातो. बाईंचा आराम खरा होता. तो सुईच्या टोकामुळे आला, अर्धा तास शांत पडून राहिल्यामुळे, आपुलकीने विचारपूस झाल्यामुळे, की दिवाळीच्या सुटीमुळे, हे एकट्या बाईंकडे पाहून सांगता येत नाही, एवढंच.

आणि मामांनाही पहिल्या आठवड्यात खरोखरच बरं वाटलं होतं. त्यांच्या वेदनेचं फाटक थोडं मिटलं असेल. क्षयाच्या जंतूंना मात्र ना फाटक माहीत, ना दिलासा. वेदना कमी करणं आणि रोग बरा करणं ही दोन कामं आहेत, आणि सुयांच्या बाजूने जो काही पुरावा आहे तो मुख्यतः पहिल्या कामाचा आहे.

सावकाश हलणारे हातपाय

चिनी परंपरेतली दुसरी गोष्ट आम्हाला सुयांपेक्षा जास्त पटली, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं. मावांगद्वीच्या त्याच थडग्यात रेशमावर रंगवलेलं एक चित्र मिळालं. त्यात ४४ माणसं, बायका आणि पुरुष, वेगवेगळ्या हालचाली करताना दाखवली आहेत. काहींना प्राण्यांची नावं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यायामाचा तक्ताच तो, आपल्या शाळेच्या व्हरांड्यात सूर्यनमस्कारांचा असतो तसा.

‘ताइ ची’ त्या मानाने अलीकडची. हनान प्रांतातल्या छेन घराण्याच्या गावात सतराव्या शतकात ती रुजली असं मानतात. मूळची ती कुस्ती-हाणामारीचीच विद्या. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडाखात्याने तिचा २४ हालचालींचा सोपा संच बसवला आणि तो बागाबागांतून पसरला. गुडघे किंचित वाकलेले, पाठ सरळ, वजन एका पायावरून दुसऱ्यावर इतक्या सावकाश न्यायचं की पाहणाऱ्याला माणूस पाण्यात चालतो आहे असं वाटावं.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत गुडघ्याची झीज असलेल्या २०४ जणांना, सरासरी वय साठ, दोन गटांत विभागलं. एक गट बारा आठवडे आठवड्यातून दोनदा ताइ ची करत होता, दुसऱ्याला फिजिओथेरपी मिळत होती. दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच आराम पडला. २०१२ मध्ये कंपवाताच्या १९५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ताइ ची करणाऱ्यांचा तोल सुधारला, आणि नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. इथे छी मानायची गरज पडत नाही. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार कमी होतो, वजन सावकाश सरकवण्याच्या सरावाने तोल सुधारतो. मात्र खोट्या सुईसारखी खोटी ताइ ची काढता येत नाही. आपण व्यायाम करतो आहोत हे करणाऱ्याला कळणारच. त्यामुळे दिलाशाचा वाटा किती आणि स्नायूंचा किती, हे वेगळं काढणं इथेही अवघड आहे. पण व्यायाम दुखणाऱ्या गुडघ्यालाही मानवतो, हे आता सर्वमान्य आहे. आमच्या आजीच्या पिढीत दुखरा गुडघा म्हणजे बसून राहा, असाच सल्ला मिळे.

वर्गात करण्यासारखं: एका पायावर डोळे मिटून किती सेकंद उभं राहता येतं ते प्रत्येकाने मोजावं. मग नाणं उडवून दोन गट करावेत. एका गटाने चार आठवडे रोज पाच मिनिटं वजन सावकाश डावी-उजवीकडे नेण्याचा सराव करावा, दुसऱ्याने नाही. शेवटी पुन्हा मोजावं, आणि मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटातला हे सांगू नये. गट नाण्यानेच का पाडायचे, आवडीने का नाही, हे मुलांकडूनच काढून घ्यावं. पडणाऱ्याला धरायला शेजारी कोणीतरी उभं असावं.

चिनी जडीबुटीचा विषय मोठा आहे. इथे दोनच उदाहरणं. थू योयो यांनी चौथ्या शतकातल्या एका वैद्यकग्रंथातली ओळ वाचली. तापावर छिंगहाव वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा असं तिथे होतं, उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने औषध नष्ट होत असेल या तर्काने त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला. १९७१ मध्ये तो प्राण्यांमधल्या हिवतापावर लागू पडला आणि २०१५ मध्ये थू योयो यांना नोबेल मिळालं. दुसरं उदाहरण ब्रुसेल्सचं. १९९० च्या सुमारास वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी नावाने तिच्याशी जुळणारी दुसरीच वनस्पती आली, आणि शंभराच्या आसपास स्त्रियांची मूत्रपिंडं खराब झाली. दोन्ही वनस्पती नैसर्गिक, दोन्ही परंपरेतल्या.

हा लेख आम्ही बाईंना वाचायला दिला. त्यांनी विचारलं, “म्हणजे मी सुया पुन्हा घेऊ की नको?” आम्ही सांगितलं, गुडघ्याचं निदान झालेलं आहे, परवडतं आहे, सुई प्रत्येक वेळी नवी, सीलबंद पाकिटातली आहे आणि टोचणारा प्रशिक्षित आहे, तर हरकत नाही, पण मांडीचे व्यायाम सोडू नका. सुई कधीमधी इजाही करते. छातीवर खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं, वापरलेली असेल तर कावीळ होऊ शकते. बाईंना व्यायामाचा कंटाळा आहे. सध्या त्या आणि विज्ञानाचे सर मधल्या सुटीत खुर्चीवर बसून पाय सरळ करण्याची स्पर्धा लावतात.

मामांना लेख वाचून दाखवला. ते म्हणाले, बाकी काही छापा न छापा, पण कणकण आणि सैल झालेली पँट नक्की छापा. म्हणून छापतो आहोत. पाठ किंवा कंबर दुखते आहे आणि सोबत ताप येतो, वजन उतरतं, रात्री झोपेतून उठवणारी कळ येते, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा येतो, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटतो, तर आधी रुग्णालयात जाऊन तपासून घ्यावं. सुया, लेप, मसाज, आसनं, सगळं नंतर.